कवी कोणाचा अंकित? तेलुगू दरबारी कवी आणि त्यांचे राजे

कृष्णाकाठ

तेलुगूत एखादं पुस्तक कोणाला अर्पण केलं की म्हणतात, ते त्याला ‘अंकितं’ केलं. आपल्याकडे ‘तो सावकाराचा अंकित’ म्हटलं की अर्थ होतो ताब्यातला, मुठीतला. मूळ शब्द एकच. तिकडे त्याची अर्पणपत्रिका झाली, इकडे ताबेदारी. मी गेली अकरा वर्षं हैदराबादेत राहतो. लिपी दुकानांच्या पाट्यांवरून शिकलो, आणि आता दर रविवारी सकाळी शेजारच्या एका निवृत्त तेलुगू शिक्षकांकडे जुनं काव्य वाचायला बसतो. वाचताना हा एक शब्द सारखा आडवा येतो, म्हणून हा धागा.

जुन्या तेलुगू कवीसाठी काव्य म्हणजे लेक. कृतिकन्या. ज्याला ती अर्पण करायची तो कृतिभर्ता, म्हणजे सरळ जावईच. तेराव्या शतकात नेल्लोरला मनुमसिद्धी राजा होता आणि तिक्कन त्याचा मंत्री. तिक्कनाच्या ‘निर्वचनोत्तर रामायणा’च्या प्रस्तावनेत राजा म्हणतो, मी तुला मामा म्हणतो, तर त्या नात्याला शोभेल अशी तुझी भारतीकन्या मला दे. मामाच्या मुलीवरचा हक्क आपल्यालाही ठाऊक आहे, त्यामुळे ही ओळ वाचली आणि मला एकदम घरातलं बोलणं ऐकू आलं. तिक्कनाने ते काव्य राजाला दिलं. पुढे महाभारताची पंधरा पर्वं तेलुगूत आणली तेव्हा मात्र ती हरिहरनाथाला वाहिली, माणसाला नाही. पहिली लेक राजाच्या घरी, दुसरी देवाच्या.

राजाश्रय ऐन बहरात कसा होता ते अल्लसानि पेद्दनाकडे पाहून कळतं. कृष्णदेवरायाचा (१५०९–१५२९) हा लाडका कवी. ‘मनुचरित्रा’च्या सुरुवातीला राजाच त्याला म्हणतो, तू माझा हितचिंतक, आंध्रकवितेचा पितामह, मार्कंडेय पुराणातली मनूची कथा माझ्यासाठी रच, आणि कापूर घातलेला विडा देतो. विडा घेतला की काम अंगावर घेतलं. याच पेद्दनाच्या नावावर एक सुटं पद्य सांगतात. काव्य करायचं तर काय काय लागतं त्याची ती यादी आहे: जिथे कोणी व्यत्यय आणणार नाही अशी जागा, सुंदर दूतीने आणून दिलेला कापरी विडा, मनाजोगतं जेवण, झोपाळा, बरंवाईट पारखणारे रसिक, आणि कवीच्या मनातलं ओळखणारे उत्तम लेखक आणि वाचक. हे नसेल तर ‘ऊरके’ म्हणजे उगाच, रिकाम्या हाती, काव्य रच म्हटल्यावर ते शक्य आहे का, असा त्याचा प्रश्न आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही चैनीची मागणी वाटली. आता तसं वाटत नाही. झोपाळा आणि विडा बाजूला ठेवा. शांत जागा, पोटाची सोय, जाणता श्रोता आणि चांगला लेखनिक, यातलं काय जास्तीचं आहे? काव्य लिहिणं हे काम आहे आणि कामाला साधनं लागतात, हे इतकं स्वच्छ सांगणारा जुना कवी माझ्या वाचनात दुसरा नाही.

राजा वारल्यावर पेद्दनाने केलेला विलाप असाच तोंडी टिकला आहे. समोर भेटलो तर आपला मदमस्त हत्ती थांबवून, हात देऊन वर घ्यायचा. मनुचरित्र स्वीकारलं त्या दिवशी नगरात माझ्या पालखीला स्वतःचा हात लावला. कवीच्या पायात घालायचा गंडपेंडेर, याला तूच लायक म्हणत, आपल्या हाताने चढवला. कोकट वगैरे अग्रहारं मागितली तिथे दिली. अशा कृष्णरायाबरोबर स्वर्गाला जाता आलं नाही, ‘जीवच्छवंबगुचु’ जगतो आहे. जिवंत शव. या शब्दाला भाषांतर लागत नाही.

आता दुसरी बाजू, आणि माझं मन अडकलंय ते इथेच. श्रीनाथ हा पेद्दनाच्या आधीचा, चौदाव्या-पंधराव्या शतकातला. कोंडवीडूच्या रेड्डी राजांकडे विद्याधिकारी होता. विजयनगरला प्रौढ देवरायाच्या दरबारात त्याने गौड डिंडिम भट्टाला वादात हरवलं, त्याचा काशाचा डंका फोडायला लावला आणि मोत्यांच्या महालात स्वतःचा कनकाभिषेक करून घेतला, असं परंपरा सांगते. मग रेड्डी राजांचं राज्य बुडालं, आश्रयदाते एकेक करून गेले. म्हातारपणी कृष्णेकाठी बोड्डुपल्लीला खंडाने जमीन घेतली. त्याच्या नावावरचं पद्य सांगतं: कृष्णवेणम्मेने एवढं पीक नेलं, तीळ आणि मूग पाखरांनी खाल्ले, बोड्डुपल्लीच्या नादी लागून फसलो, आता खंडाचे सातशे टंक (नाणी) भरू कसे?

थकबाकीपायी त्याला भर उन्हात रस्त्यावर उभं केलं. त्याचंही पद्य आहे आणि त्याची रचना अशी की एकेक बिरूद आणि एकेक शिक्षा समोरासमोर ठेवली आहे. कविराजाच्या गळ्याला पडलं लाकडी खोडं. कविसार्वभौमाच्या खांद्यावर चढला राजवाड्याच्या दारातला काळा धोंडा. आंध्रनैषध रचणाऱ्याच्या पायांत बेड्या. वीरभद्र रेड्डीच्या विद्वानाच्या मनगटाशी बांबूच्या बेडीने सोयरीक केली. ‘वियमु’ म्हणजे व्याहीपण. लेक देऊन जावई जोडणाऱ्या कवीला शेवटी व्याही मिळाला तो असा.

पोतन त्याच काळातला, ‘भागवत’ लिहिणारा. कोवळ्या आंब्याच्या नव्या पालवीसारखी काव्यकन्या अधमांना देऊन त्यांचं अन्न खाण्यापेक्षा चांगल्या कवींनी नांगर धरला तर काय बिघडलं, रानात कंदमुळं खणली तर काय बिघडलं, हे पद्य त्याचं म्हणून सांगतात. पोतनाने नांगराचं गुणगान केलं आणि श्रीनाथाने नांगर धरून पाहिला तर पुराने पीक नेलं. ही दोन पद्यं एकापुढे एक वाचली की मला कोणाचीच बाजू धड घेता येत नाही. तुम्हाला काय वाटतं?

मोडी_वाचक

सुंदर लिहिलंय. राजांच्या बाजूनेही बघू या, कारण विडा देणाऱ्यालाही काहीतरी हवं असतं.

तेलुगू काव्याचा आरंभच बघा. अकराव्या शतकात राजमहेंद्रीला पूर्व चालुक्य राजराज नरेंद्र. गादीसाठी सावत्र भावाशी झगडा, एका बाजूला आजोळचे चोळ, दुसऱ्या बाजूला कल्याणीचे चालुक्य. असा राजा नन्नय भट्टाला सांगतो की महाभारत तेलुगूत कर, पांडव आमच्या वंशातले. चंद्रवंशाची कथा लोकभाषेत वाचली जाणं म्हणजे दर वाचनाला राजाच्या कुळाची नव्याने द्वाही फिरवणं. नन्नयाचा सहाध्यायी नारायण भट्ट याला दिलेलं नंदंपूडी गाव १०५३ च्या ताम्रपटात नोंदलेलं आहे. बदल्यात काय झालं? नन्नय दोन पर्वं पुरी करून तिसऱ्यात अरण्यपर्वापाशी थांबला. शरदातल्या रात्रींचं वर्णन हे त्याचं शेवटचं पद्य मानतात. अडीचशेहून जास्त वर्षांनी अद्दंकीच्या प्रोलय वेमा रेड्डीचा कवी एर्रन याने ते अरण्यपर्व पुरं केलं, आणि अर्पण केलं राजराज नरेंद्रालाच. स्वतःच्या राजाला नाही! राज्य गेलं, वंश चोळांत मिसळून गेला, आणि त्याचं नाव एका परक्या दरबाराच्या कवीने इमानाने पुढे नेलं. ‘अंकित’ या शब्दाचा ताबेदारी हा अर्थ इथे मला लागू पडत नाही. हे ऋण आहे, आणि ते एका कवीने दुसऱ्या कवीच्या वतीने फेडलं.

अष्टदिग्गजांबद्दल, म्हणजे परंपरेने एकत्र मोजलेल्या आठ थोर तेलुगू कवींबद्दल, एक. आठही कवी कृष्णदेवरायाच्या ‘भुवनविजय’ सभेत बसलेत असं चित्र सगळीकडे दिसतं. पेद्दन, नंदि तिम्मन, धूर्जटी ही मंडळी त्याच्या काळातली. पण रामराजभूषणाचं ‘वसुचरित्र’ तिरुमलरायाला अर्पण आहे, म्हणजे १५६५ ची लढाई होऊन विजयनगर पडल्यानंतरचं. पिंगळी सूरनाने ‘कलापूर्णोदय’ नंद्यालच्या कृष्णराजाला दिलं. लोकांनी नंतरचे कवीही मागे नेऊन त्या एका सोनेरी सभेत बसवले.

दोन_घटका

@कृष्णाकाठ, तेनाली रामकृष्ण राहिला की! त्याच्या नावावर आपण लहानपणी फक्त गोष्टी वाचल्या.

कृष्णाकाठ

@दोन_घटका, बरं झालं काढलंत. मराठी वाचकाने तेनाली रामकृष्णाकडे तर हक्काने जावं, कारण त्याचं मोठं काव्य आपल्या पंढरपूरवर आहे. ‘पांडुरंग महात्म्यमु’. पुंडरीक क्षेत्र, भीमरथी नदी, विठ्ठल. विरूरि वेदाद्री नावाच्या कारभाऱ्याला अर्पण केलेलं. तेलुगूतल्या पंचमहाकाव्यांत ते धरतात. त्यातली निगमशर्म्याची गोष्ट सगळ्यात गाजलेली: चांगल्या घरचा, शिकलेला, पण वाया गेलेला मुलगा; त्याची थोरली बहीण सासरहून येऊन त्याची समजूत घालते, तो वरवर सुधारतो आणि एका रात्री घरातले दागिने घेऊन पळतो. सकाळी घरात रडारड होते, बहिणीला तिच्या नव्या नथीचं दुःख. इतकं घरगुती चित्र की दरबारी काव्य वाचतोय हे विसरायला होतं. शेवटी क्षेत्राच्या पुण्याईने त्याला सद्गती. मास्टारुगारूंनी, म्हणजे माझ्या त्या रविवारच्या शिक्षकांनी, हे मला वाचून दाखवलं आणि पुस्तक मिटून विचारलं, ‘तुमच्या पंढरपूरला मी एकदाही गेलो नाही, कसं आहे?’ कार्तिकीला त्यांना घेऊन जायचं ठरवलंय.

रानजाई

माझं मत थोडं कडू आहे, पण मनापासून आहे. राजा कवीला गाव देतो म्हणजे काय देतो? त्या गावचा वसूल देतो. पेद्दनाचं कोकट गाव नांगरणारे लोक होतेच ना? श्रीनाथाच्या खांद्यावरचा धोंडा आपल्याला दिसतो कारण श्रीनाथाने त्याचं पद्य केलं. त्याच दारात, त्याच धोंड्याखाली, सारा थकलेले दुसरे किती उभे राहिले असतील! त्यांना छंद येत नव्हता. विद्याधिकारी असताना श्रीनाथ त्या दारातून पालखीने किती वेळा गेला असेल. श्रीनाथाबद्दल मला वाईट वाटतं, खरंच वाटतं. पण त्या पद्यामुळे मला राजाश्रयाचा हिशेब पहिल्यांदा खालून दिसला, आणि तो एका दरबारी कवीनेच दाखवला.

धूर्जटी मला म्हणून जवळचा. दरबारात मान मिळालेला कवी ‘काळहस्तीश्वर शतका’त म्हणतो: ‘राजुल् मत्तुलु, वारि सेव नरकप्रायंबु’. राजे माजलेले, त्यांची सेवा नरकासारखी.

आणि मोल्ला. कुंभाराची लेक म्हणून परंपरा तिला ओळखते. तिने रामायण लिहिलं, त्यात राजा नाही. मला शास्त्र, व्याकरण येत नाही, गोपवरमच्या श्रीकंठ मल्लेश्वराच्या कृपेने कविता येते, एवढं सांगून ती कथेला लागते. तिला झोपाळा कोण देणार होतं?

कावेरीची_लेक

मी तंजावरच्या मराठी घरातली. घरी आमची ती जुनी मराठी, बाहेर तमिळ, आणि गाणं शिकायला बसलं की तेलुगू. या तिन्ही भाषा आमच्या अंगणात कशा आल्या ते या धाग्यात यायलाच हवं.

विजयनगरनंतर तेलुगूचा मोठा दरबार कावेरीकाठी होता. तंजावरचा रघुनाथ नायक स्वतः कवी. चेमकूर वेंकटकवीचं ‘विजयविलासमु’ त्यालाच अर्पण आहे. त्याचा मुलगा विजयराघव नायक, त्याच्या दरबारात रंगाजम्मा होती, तिची यक्षगानं (गाण्यांची नाटकं) आहेत. मग १६७० च्या दशकात व्यंकोजीराजे आले. राज्य भोसल्यांचं झालं, पण दरबाराने तेलुगू सोडली नाही. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे (१६८४–१७१२) यांनी स्वतः तेलुगूत ‘पल्लकी सेवा प्रबंधमु’ रचलं, मराठीत नाटकं लिहिली, आणि पाच भाषांचं ‘पंचभाषाविलास’ नाटक केलं. सातारा-पुण्याच्या इतिहासात आमच्या राजांना दोन ओळी मिळतात. मराठी राजा तेलुगूत काव्य करतो, तमिळ मुलखात, ही गोष्ट मला लहानपणापासून अभिमानाची वाटते आणि ती सांगताना आजही गळा दाटतो.

@रानजाई, तुमच्या मोल्लेशेजारी मुद्दुपळनी बसवा. प्रतापसिंहराजांच्या (१७३९–१७६३) दरबारातली. तिने ‘राधिकासांत्वनमु’ लिहिलं. प्रस्तावनेत ती आपली वंशावळ सांगते ती आज्यांची आणि आत्यांची. आणि विचारते, माझ्यासारख्या दुसऱ्या कोणत्या बाईने विद्वानांना धन देऊन गौरवलं? दुसऱ्या कोणत्या बाईला काव्यं अंकित झाली? म्हणजे इथे कृतिभर्ता एक बाई आहे! जावयाच्या जागी ती स्वतः बसली आहे. पुढे १९१० साली बंगळूर नागरत्नम्मांनी हे काव्य न गाळता छापलं, इंग्रज सरकारने अश्लील ठरवून त्यावर बंदी आणली, ती १९४७ मध्ये उठली. राजांच्या दरबारात जे मानाने वाचलं गेलं ते सरकारच्या राज्यात जप्त झालं. म्हणून राजाश्रय वाईट असं मला एका दमात म्हणवत नाही.

मोडी_वाचक

@कावेरीची_लेक, दंडवत.

आश्रयदाते सगळे राजेच नव्हते, हेही नोंदवतो. श्रीनाथाचं ‘हरविलासमु’ अवचि तिप्पय शेट्टी या व्यापाऱ्याला अर्पण आहे. त्यात या घराण्याच्या मालाचं वर्णन करणारं पद्य आहे: सिंहळाचे हत्ती, होर्मुझचे घोडे, भोटदेशाची कस्तुरी, चीनचं रेशीम. आणि आपल्या गोव्याचं सुगंधी द्रव्यही. गोवळकोंड्याचा इब्राहीम कुतुबशहा तेलुगू कवींच्या तोंडी ‘मल्किभराम’ झाला. अद्दंकि गंगाधराने ‘तपतीसंवरणोपाख्यान’ त्याला दिलं. आणि पोन्नगंटि तेलगनाचं ‘ययातिचरित्र’, संस्कृत शब्द टाळून केलेलं शुद्ध तेलुगूतलं पहिलं काव्य, ते अमीन खान या त्याच्या सरदाराला. कृतिकन्येची सोयरीक ठरवताना धर्म आडवा आला नाही.

कृष्णाकाठ

@रानजाई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. पालखीतून जाताना तोच धोंडा श्रीनाथाने पाहिला असणार, हे मला सुचलं नव्हतं.

श्रीनाथाचा आपल्याशी एक धागा आहे तो सांगतो. स्वतःच्या रचनांचा हिशेब देताना तो म्हणतो, मिसरूड फुटत होतं तेव्हा मी शालिवाहन सप्तशती तेलुगूत आणली. म्हणजे हालाची गाथासप्तशती, आपल्या महाराष्ट्री प्राकृतातली. तो अनुवाद हरवला, जेमतेम काही पद्यं उरली. गोदाकाठच्या शेतकऱ्यांची, त्यांच्या बायकांची सुखदुःखं कोवळ्या वयात उतरवून काढणारा हा मुलगा म्हातारपणी स्वतः पीक बुडालेला शेतकरी झाला.

पोतनाबद्दल आणखी एक, हे मास्टारुगारूंकडून कळलं. आख्यायिका अशी की गरिबीला कंटाळून पोतन भागवत राजाला द्यायचा विचार करतो तेव्हा सरस्वती त्याच्यासमोर रडत येते, काजळाचं पाणी छातीवर ओघळतं आहे. तो म्हणतो, आई, रडू नकोस, पोटासाठी तुला नेऊन त्या कर्णाटातल्या कीचकांना विकणार नाही. तेलुगूत ‘विकणार नाही’ याला तिथे एकच शब्द आहे, ‘अम्म’. आणि आईला ‘अम्म’च म्हणतात. लगेच पुढे ‘नम्मु’, विश्वास ठेव. बाकी सगळ्यांनी कवितेला लेक मानलं, आणि लेक कधीतरी द्यावीच लागते. पोतनाने तिला आई म्हटलं. आईचं कन्यादान कसं होईल?

पूर्वभाग_सोलापूर

धागा तीन दिवस नुसता वाचतोय, आज लिहितो. आम्ही सोलापूरचे पद्मशाली, घरात तेलुगू, शाळा मराठी. मला तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही. आमच्या आजीने आयुष्यभर मागावर कांड्या भरल्या, ती सही मराठीत करते. पण तिला पोतनाची पद्यं तोंडपाठ आहेत. ‘पलिकेडिदि भागवतमट, पलिकिंचेडि विभुंडु रामभद्रुंडट’, जे बोलायचं ते भागवत, बोलवून घेणारा रामभद्र. गजेंद्रमोक्ष म्हणत ती आम्हाला झोपवायची. ती पद्यं कोणाची हे मी कधी विचारलंच नव्हतं. पोतनाने राजा नाकारला तरी सोलापुरातल्या मागाच्या खोलीपर्यंत त्याला कोणीतरी आणलंच ना? आजीला तिच्या आईने शिकवली, तिला तिच्या.

काल तिला हा धागा वाचून दाखवला. पोतनाचं नाव आलं तेव्हा हात जोडले. पेद्दनाची पालखी ऐकून ‘बरं केलं राजाने’ म्हणाली. श्रीनाथाचं बोड्डुपल्लीचं पद्य मी मराठीतून सांगितलं, तर म्हणाली, पुन्हा सांग. पुन्हा सांगितलं. पूर, पाखरं, तीळ, मूग, सातशे टंक. थोडा वेळ गप्प बसली आणि विचारलं, ‘मग ते पैसे भरले कोणी?’

कृष्णाकाठ

आजींना नमस्कार सांगा. पद्यात ते नाही. श्रीनाथाचं म्हणून जे शेवटचं पद्य सांगतात त्यात तो आपले गेलेले आश्रयदाते एकेक मोजतो: वीरारेड्डी गेला, आता रत्नजडित वस्त्रं कोण देणार; मैलाराचा धनी गेला, रोजचा खर्च कोण चालवणार; विस्सन्न मंत्री गेला, सोन्याच्या ताटात कोणाच्या पंगतीला जेवू. आणि मग म्हणतो, स्वर्गातल्या कवींच्या छातीत धस्स व्हावं असा हा श्रीनाथ अमरपुरीला निघाला.